पोळ्याचा देठ

अंजूला पोळं दिसलं तेव्हा झोळी झुलत होती.

दिग्रसच्या रस्त्यालगतच्या त्यांच्या शेतात कापूस वेचणी चालली होती. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या निंबाला साडीची झोळी बांधलेली, झोळीत अंजूचा सात महिन्यांचा इंद्रजीत, आणि दोरी ओढायला सासू रुपीबाई; अंजू तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची. फांदी रुपीबाईनंच निवडली होती. मुंग्या, साप आहेत का पाहिलं, लोंबकळून वजनही पाहिलं. पण पानांच्या आड कोण बघतं? तिथं, झोळीच्या गाठीपासून वीतभर अंतरावर, गांधीलमाश्यांचं तळहाताएवढं पोळं लटकत होतं. सगळं ओझं एका देठावर, आणि तो देठ सुईपेक्षा जाड नव्हता. झोका आला की तो हलायचा आणि माश्या पंख उभारायच्या.

ओरडावं तर पोर दचकणार. झोका एकदम थांबवावा तर उठून लाथा झाडणार. अंजूचा जीव टांगणीला लागला. कमरेला बांधलेली कापसाची ओटी तशीच, ती पाय न वाजवता सासूपाशी गेली आणि बोट वर केलं. रुपीबाईनं वर पाहिलं.

"दोरी हळूहळू सैल करा, मी पोराले काढतो," अंजू कुजबुजली.

झोका निवला. अंजूनं पोराखाली हात घालून त्याला जरा उचललं, तर फांदीच वर उठायला लागली. इतका वेळ ती पोराच्या वजनानं वाकलेली होती. देठ थरथरला, दोन माश्या उडाल्या.

रुपीबाईनं झपकन झोळी धरून खाली दाबली. "ने त्याले."

"अन् तुमी?"

"पुसत काय बसली वं? जाय!"

अंजूनं लांब कापसाच्या पऱ्हाटीत ओढणीवर पोराला ठेवलं. ते जागं झालं, रडायला लागलं. कोणतीही आई तिथंच बसली असती. अंजू माघारी वळली.

रुपीबाई झोळी तशीच दाबून उभी होती. "लेकराले सोडून कायले आली?"

"तुमाले कोनावर सोडू, याडी?"

ओटी पोराएवढी जड झाली होती. अंजूनं ती कमरेची सोडून हलकेच झोळीत ठेवली. "आता हात काढा."

रुपीबाईची बोटं उघडेनात. अंजूनं ती एकेक करून सोडवली. फांदी जागची हलली नाही. दोघी पाठ न फिरवता मागं सरकत राहिल्या.

पऱ्हाटीत शिरल्यावर रुपीबाई मटकन खाली बसली. पोर बेंबीच्या देठापासून बोंबलत होतं.

"घे त्याले," ती म्हणाली, आणि त्याच्याहून मोठ्यानं रडायला लागली.