टर्कीचे गोळे आणि शेवटचा रकाना

बालकल्याण खात्याच्या मते चांगली आई कशी असते, हे मार्नी स्टुबरला अकरा महिन्यांत तोंडपाठ झालं होतं. चांगल्या आईच्या फ्रिजमध्ये तीन रंगांच्या भाज्या असतात, तिचा आवाज चढत नाही, आणि कामाच्या दिवशीही ती एकाच ट्रेमध्ये टर्कीच्या खिम्याचे गोळे आणि भाज्या भाजून मुलाला वेळेवर जेवू घालते. हा शेवटचा तपशील खात्याच्या पालकवर्गात वाटलेल्या पत्रकातला. वर एक हसरं कुटुंब, खाली कृती: चरबी कमी, भांडी कमी, वेळ अर्धा तास. कामाच्या दोन पाळ्या करणाऱ्या बाईने तो अर्धा तास कुठून आणावा, याविषयी पत्रक मौन पाळून होतं. प्रत्येक शास्त्राला आपल्या मर्यादा असतात.

आज मिसेस हॅगर्टी शेवटच्या पाहणीला आल्या होत्या. गुरुवारी न्यायाधीश त्यांचा अहवाल वाचणार होते आणि सात वर्षांची टेस कायमची घरी येणार की खात्याने नेमून दिलेल्या कुटुंबातच राहणार, ते ठरणार होतं. हॅगर्टीबाई स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून, मांडीवर फॉर्म घेऊन बसल्या होत्या. टेस टेबलापाशी होती, परक्या घरी आल्यासारखी, हात मांडीवर जुळवून.

मार्नी गोळे वळत होती. टर्कीचा खिमा बीफसारखा ऐकत नाही. ओलसर, फिकट, बोटांना चिकटून बसणारा. तिने त्यात ब्रेडचा चुरा, अंडं, किसलेला कांदा घातला होता, आणि दर दोन गोळ्यांनंतर ती हात ओले करत होती. रताळ्यांच्या फोडी केल्या होत्या, गाजरं पातळ चिरली होती, कारण ती हट्टाने कच्ची राहतात. ब्रोकोली मागाहून टाकायची होती, कारण ती लगेच जळते. आठवडाभरात तिने हा स्वयंपाक दोनदा करून पाहिला होता. दोन्ही वेळा गोळे उत्तम झाले होते, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघराबाहेरचा धुराचा अलार्म किंचाळला होता.

ओव्हनच्या तळाशी आधीच्या भाडेकरूंच्या स्वयंपाकाची चरबी कोळसा होऊन बसली होती. चारशे पंचवीस अंश फॅरेनहाइटला ती धुमसायची. मार्नीने ती सुरीने खरवडली, सोडा लावून रात्रभर ठेवली, निम्मी निघाली. त्या गल्लीत मांस भाजायचं म्हटलं की लोक आधी स्टूल ओढून अलार्मची बॅटरी काढतात आणि मग ओव्हन लावतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पाहुणी यायच्या पाच मिनिटं आधी मार्नीनेही तेच केलं होतं. बॅटरी तिच्या एप्रनच्या खिशात होती.

पण तिने ती गल्लीच्या रिवाजापायी काढली नव्हती. अकरा महिन्यांपूर्वी, गोदामातल्या रात्रपाळीला ती निघाली तेव्हा मूल सांभाळणारी मुलगी आली नव्हती, आणि पाळी बुडवली की नोकरी जात होती. घरात एकट्या राहिलेल्या टेसने भुकेने टोस्ट लावला, तो जळला, अलार्म वाजला, शेजाऱ्याने फोन केला. पोलिसांना पोर टेबलाखाली, कानांवर हात दाबून बसलेली सापडली. तो आवाज आज, या बाईसमोर, टेसच्या कानांवर पडू द्यायचा नव्हता. जेवण झालं, बाई हात धुवायला गेल्या, की बॅटरी परत बसवायची, असा बेत होता.

"आमच्या ह्यांना टर्की वाढली ना," हॅगर्टीबाई म्हणाल्या, "की विचारतात, घरात आजारी कोण आहे?"

मार्नी हसली. हसणं प्रमाणात होतं. तेही पालकवर्गात शिकवतात.

"तिकडच्या घरी गोळ्यांत चीज भरतात," टेस म्हणाली. "मग ते बाहेर येतं आणि जळतं."

"आणि तुला आवडतं?"

टेसने खांदे उडवले. "जळलेलं चीज आवडतं."

ट्रे बाहेर आला. गोळ्यांना तपकिरी रंग चढला होता, रताळ्यांच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या. मार्नीने एका गोळ्यात तापमापकाची सुई खुपसून आकडा बाईंना दाखवला. बाईंनी फॉर्मवर खूण केली. टेसने चार गोळे खाल्ले, पाचवा मागितला, आणि तोंडात घास असताना म्हणाली, "मॉम, हे आपल्या पूर्वीच्यापेक्षा चांगलेत. पण तिला सांगू नकोस."

"तिला म्हणजे कोणाला?"

"पूर्वीच्या तुला."

हॅगर्टीबाईंनी हसून आणखी एक खूण केली. त्या हात धुवायला गेल्या नाहीत. त्या उठल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "हे एवढं शेवटचं." हात उंचावून पेनाच्या टोकाने त्यांनी दाराबाहेरच्या अलार्मचं बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही.

मार्नीने खिशातून बॅटरी काढून टेबलावर ठेवली. खोटं बोलायला तिच्यापाशी वेळ होता. तिने तो वापरला नाही.

"कधीपासून काढलीय?"

"तुम्ही यायच्या आधी."

"ओव्हन चालू असताना अलार्म बंद?"

"ओव्हन चालू करायचा होता म्हणूनच. तो वाजतो, आणि हिला त्या आवाजाची..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला माहीत आहे. फाइल तुमच्याकडेच आहे."

"माहीत आहे." बाईंचा आवाज खरोखर खाली आला होता. "पण इथे फक्त चालू की बंद एवढंच विचारलंय, मार्नी. का, असा रकाना नाही. हिला आणखी नव्वद दिवस तिकडेच ठेवा, अशी शिफारस मला करावी लागेल."

"पाच खाल्ले तिने. ते तरी लिहा."

"लिहिलंय."

"मग थांबा. हेही लिहा." मार्नी स्टुलावर चढली, बॅटरी बसवली. "टेस, आवाज होईल. मी इथेच आहे. हवं तर माझ्यापाशी ये."

तिने बटण दाबलं आणि अलार्म किंचाळला. टेसने कानांवर हात ठेवले नाहीत, ती टेबलाखाली शिरली नाही, आईकडेही आली नाही. ती उठली, बूट चढवले, पुढचं दार उघडलं आणि न धावता अंगणाच्या टोकाशी टपालपेटीजवळ जाऊन उभी राहिली.

"त्या घरी आगीचा सराव करून घेतात," हॅगर्टीबाई म्हणाल्या. "दर महिन्याला. टपालपेटी ही भेटायची जागा." आणि त्यांनी खूण केली, या गोष्टीला मात्र रकाना होता.

आवाज थांबल्यावर मार्नीने दारातून हाक मारली. टेसने मान हलवली.

"आत परत जायचं नसतं, मॉम. बंबवाले सांगेपर्यंत."

"आग नाहीये, राणी."

"असं वाटलं तरी जायचं नसतं."

सहाला टेसला तिकडे परत न्यायचं होतं; दहा मिनिटं उरली होती. हॅगर्टीबाई गाडीत जाऊन बसल्या, हीटर लावला, आणि फॉर्मवर तारीख घालू लागल्या. मार्नीने ताटलीत उरलेली ब्रोकोली आणि दोन गोळे घेतले, काटा घेतला, आणि एप्रनवरच थंडीत बाहेर गेली.

टेसने तिला टपालपेटीपर्यंत येताना पाहिलं. "तू पण बाहेर आलीस," ती म्हणाली. "बरं झालं."

"ब्रोकोली राहिली होती तुझी."

टेसने ताटली टपालपेटीवर ठेवली आणि उभ्याउभ्या खायला लागली. सावकाश, एकेक तुरा, गाडीकडे न बघता.