मनानं जोडलेलं हाड

"वळा! अजून वळा!" मनोबलगुरू माइकमध्ये ओरडला, आणि क्रीडासंकुलात जमलेली खेळाडू-पालक मिळून दीडशे माणसं एक हात समोर धरून कमरेतून मागे वळली. बोटाचा रोख भिंतीवर कुठवर पोचला ते सगळ्यांनी हेरून ठेवलं. मग डोळे मिटून, आपण आणखी पुढे वळतोय असं मनात पाहिलं. पुन्हा वळली, तर काय! बोट चांगलं हातभर पुढे. टाळ्यांचा कडकडाट.

"शरीर मनाचा नोकर आहे," गुरूनं ठासून सांगितलं. "घाम गाळतात ते अडाणी. मनात धावा, मनात जिंका!"

मागच्या रांगेत फिजिओथेरपिस्टबाईंना हसू आवरेना. पण ते लगेच विरलं. त्यांची पेशंट, लांब उडी मारणारी सोळा वर्षांची पोरगी, वडिलांच्या खांद्याचा आधार घेत मंचावर चढत होती. पाय प्लास्टरमध्ये. जिल्हा संघाची निवड चाचणी दुसऱ्याच दिवशी.

"पोरी, हाड जुळलंय असं बघ आणि प्लास्टर आजच काढ," गुरूनं फर्मान सोडलं. वडिलांनी भक्तिभावानं मान डोलावली.

बाई तरातरा मंचावर गेल्या. "ज्यांनी हे अजून केलं नाही, असे दहाजण पुढे या."

उशिरा आलेले पालक, शिपाई, कॅन्टीनवाला आले. एकदा वळले, खूण हेरली.

"आता डोळे मिटून सतराचा पाढा म्हणा." दहा तोंडं पुटपुटली. कॅन्टीनवाला मध्येच अडखळला. "वळा!"

दहाही जण हातभर पुढे!

"पाढ्यातही सूक्ष्म ऊर्जा असते..." गुरू चाचरला. सभागृह खदाखदा हसलं.

"पहिल्यांदा अंग आखडलेलं असतं, माणूस बेतानं वळतो," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा स्नायू सैल होतात, आणि खुणेच्या पुढे जायची ईर्षा असते. झाली यांची सिद्धी."

"पण मॅडम, मनात सराव केल्यानं खेळ सुधारतो ना?" वडिलांनी बिचकत विचारलं.

"सुधारतो, मैदानावरच्या सरावाला जोड म्हणून. हाड त्यानं जुळत नाही."

"बाबा," पोरगी हळूच म्हणाली, "पाय नुसता टेकला तरी कळ येते. तुम्ही ऐकतच नव्हतात."

वडिलांनी मान खाली घातली आणि तिला मंचावरून उतरवलं. ती निवड हुकली. पोरगी दोन दिवस रडली. पुढच्या वर्षी धडधाकट पायांनी उडी मारली आणि संघात आली.

कुणी डोळे मिटायला सांगितलं तर खुशाल मिटा. उघडल्यावर मात्र एवढं विचारा: हे केलं नसतं, तरी असंच झालं असतं का?