तळातल्या आठ ओळी

दुपारी चारला डेस्कवर माणसं जमू लागली होती. तेवढ्यात एक बाई पेपरची घडी घेऊन आली आणि थेट मुख्य उपसंपादकाच्या समोर बसली. ऑफिसात त्याला सगळे कात्री म्हणत, आणि तेही मागून नव्हे, तोंडावर. सव्वीस वर्षांत त्याने इतक्या बातम्या छाटल्या होत्या की हे नाव आता त्यालाही टोचत नसे.

“बसचालकाची बायको मी. हे वाचा,” ती म्हणाली.

आजच्याच अंकातली, तिसऱ्या पानावरची बातमी. काल सकाळी बस दुभाजकावर चढली, चार प्रवासी किरकोळ जखमी. चालकाच्या तोंडाला वास येत होता, असं एका प्रवाशाने सांगितलं. चालकाला तपासणीसाठी रुग्णालयात नेलं. वाक्यं आटोपशीर, पाल्हाळ नाही.

“चूक काय आहे यात?”

“तपासणीत दारू निघालीच नाही. साखर उतरून चक्कर आली त्यांना. वास कसला, तर दाढ दुखते म्हणून लवंगेचं तेल लावलं होतं. डॉक्टरांचा कागद मी तुमच्या बाईंना काल सहा वाजता फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, घालते.”

पोलीस आणि रुग्णालयं बघणारी वार्ताहर पलीकडेच बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “घातलं होतं. मूळ कॉपी उघडा.”

कात्रीने उघडली. तळात आठ ओळींचा परिच्छेद होता आणि त्यात सगळं होतं. मग त्याला आठवलं. सात वाजता जाहिरात ऐनवेळी वाढली, पान लावणाऱ्याने आठ ओळी मागितल्या आणि त्याने खालून आठ ओळी उडवल्या. न वाचता. बातमी खाली खाली हलकी होत जाते, कापायची तर शेपटाकडून कापा, हे तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. वार्ताहरही त्याच्याच हाताखाली तयार झालेली. पण उशिरा आलेली माहिती वर गुंफायला वेळ नसला की तीही शेवटी चिकटवून मोकळी व्हायची. दोघांनी रोजच्यासारखंच काम केलं होतं.

“उद्या अकराला डेपोत चौकशी आहे,” बाई म्हणाली. “तुमचं कात्रण साहेबांच्या फायलीत लागलंय. डॉक्टरांचा कागद पुढे केला तर म्हणतात, बघू नंतर, पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असणारच. नोकरी जाईल हो त्यांची.”

“उद्याच्या अंकात खुलासा देतो, ताई.”

“कुठे?”

खुलासे सातव्या पानावर तळाशी जात. तो उठला आणि संपादकांच्या खोलीत गेला.

“चार ओळी दे सातव्यावर,” संपादक डोळे चोळत म्हणाले. “अपुऱ्या माहितीमुळे, असं म्हण.”

“माहिती पुरी होती. मी कापली.”

“अरे बाबा, कुणी कापली याच्याशी वाचकाला काय करायचंय? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?”

“आणि तिसऱ्या पानावर हवाय. बातमी होती तिथेच.”

“जागा कुठाय?”

“एक बातमी उचलतो. वाचून उचलतो.”

संपादक हसले नाहीत. “कर काय ते. मालकांनी बोलावलं तर मात्र तू जायचंस.”

जागेवर येऊन कात्रीने खुलासा लिहिला. हाताला सवय होती, पाच मिनिटं लागली. बाहेरच्या माणसाला छापण्याआधी कॉपी दाखवायची नाही, असा दंडक होता. तो मोडायचा संकोचसुद्धा आता उरला नव्हता. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

तिने बोट फिरवत वाचलं. “पहिल्या ओळीत तारीख. दुसरीत मथळा. तिसरीत पुन्हा वास येत होता, वास येत होता. अहो, ते प्यायले नव्हते हे कुठाय?”

“आहे ना. शेवटी.”

“शेवटी!”

वार्ताहरला फिसकन हसू आलं. मग तीच ओशाळून खाली बघू लागली. कात्रीचे कान तापले.

“तुम्ही सांगा, कसं लिहू?”

“चालक दारू प्यायले नव्हते. तपासणीत दारू आढळली नाही. झालं. मग खाली करत बसा तुमची दिलगिरीबिलगिरी.”

त्याने सगळं पुसलं आणि ती म्हणाली तसं टाइप केलं. खाली स्वतःची भर घातली: ही माहिती बातमी छापण्याआधीच आमच्याकडे आली होती. जागेसाठी आम्ही ती कापली. चूक आमची.

“अक्षर मोठं करा,” ती म्हणाली.

त्याने केलं, भोवती चौकटही घातली. मग जागा करण्यासाठी तिसऱ्या पानावरच्या सगळ्या बातम्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत बसला. पान अर्धा तास उशिरा सुटलं. पान लावणारा त्याच्याकडे बघून नुसताच उसासत राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फोन आला.

“घेतलं कामावर. सोमवारपासून गाडी चालवायची,” बाई म्हणाली. “साहेबांनी तुमची चौकट दोनदा वाचली. मग म्हणाले, आणा तो डॉक्टरांचा कागद. तोवर हातसुद्धा लावला नव्हता त्याला.”

“बरं झालं. आणि ते कसे आहेत?”

“आल्या आल्या आडवे झालेत. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा. उठवू का? बोलायचंय?”

कात्रीला बोलायचं होतं. काय बोलायचं, तेही रात्रभर जुळवून ठेवलं होतं.

“नको, ताई,” तो म्हणाला. “झोपू द्या त्यांना.”