ताटलीचा आवाज

व्हर्डी नेपियरच्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी, मार्चमधल्या एका दुपारी, डॉक्टर व्हिटलोबाईंनी रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि व्हर्डीचाच आवाज खोलीत उमटला.

"नाही होबार्ट, मला हे घेता येणार नाही. आमचा तसा नियम आहे."

मग काहीतरी खणखणलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी खुर्ची सरकली आणि दार लागलं.

बाईंनी रेकॉर्डर थांबवला. समुपदेशनाच्या पदवीचं व्हर्डीचं हे शेवटचं सत्र. विद्यार्थ्यांनी खऱ्या माणसांशी बोलायचं, त्यांच्या परवानगीनं ते टिपून ठेवायचं आणि नंतर बाईंसमोर बसून ऐकायचं, अशी शिकवण्याची रीत होती.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "मर्यादा पाळलीत. शांतता भरून काढायला धावला नाहीत. हा तुकडा मी पुढच्या वर्गाला ऐकवणार. तो खणखणाट कसला?"

"त्यानं ताटली परत उचलली. केकची. त्यानंतर तो आलाच नाही."

"हा त्याचा मदतीला प्रतिकार आहे. एक पत्र पाठवा आणि फाइल बंद करा."

"प्रतिकार कसला? अपमान झालाय त्याचा. आमच्या डोंगरात पुढे केलेलं खाणं कुणी असं परत करत नाही. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, भेट नाकारण्याआधी त्या माणसांची रीत बघा म्हणून."

"ते परवाना मिळालेल्यांसाठी. शिकणाऱ्यांनी इथे काहीही घ्यायचं नाही." बाई हसल्या. "तुम्ही इथल्याच आहात व्हर्डी, म्हणून जड जातंय तुम्हाला."

व्हर्डीनं पेनाचं टोपण इतक्या जोरात दाबलं की ते चिरलं.

फाइल बंद झाली की जायबंदी माणसांना पुन्हा कामाला लावणाऱ्या सरकारी खात्याच्या लेखी होबार्ट स्टिडम कायमचा निकामी ठरणार होता. कोळशाच्या खाणीत छत कोसळून त्याचा डावा हात गेला होता. खात्यानं त्या जागी लावायला चिमट्यासारखा उघडणारा लोखंडी आकडा दिला होता, पण तो दर वेळी कोटाच्या बाहीत लपवून यायचा. "त्यानं करू काय? पाठ खाजवू?" म्हणायचा. सगळा हिवाळा व्हर्डी त्याच्या मागे लागली होती, एकदा वापरून तर बघ म्हणून.

विद्यार्थ्यांनी कुणाच्या घरी जायचं नाही, हाही नियम होता. व्हर्डी गेली.

होबार्टची बायको आयडा ओसरीवर लावणीचे बटाटे कापत बसली होती.

"नियमात बसून आलीस, की मोडून?"

"आयडामावशी, मला त्याच्याशी बोलू दे."

"शेडमध्ये बसलाय. नाही बोलायचा तो." तिची सुरी थांबली नाही. "केक कोंबड्यांना घातला. त्यांना नियम नसतात."

"मावशी, माझं ऐकून तर घे."

"तू ऐक. केक मी केला, पण नेला कुणी? गाडीतून उतरल्यावर मी हात पुढे केला, तर अंगावर आला माझ्या. म्हणाला, सोड, आज तिला दाखवायचंय. किती दिवस रिकामी ताटली त्या आकड्यात धरून अंगणात फिरत होता खुळ्यासारखा. माझ्या आईच्या ताटल्या फोडल्या मेल्यानं, तरी मी गप्प बसले. तुझ्या टेबलापर्यंत नेली ना त्यानं? आणि तू काय बघितलंस?"

व्हर्डी पायरीवर बसली. तिनं केक बघितला होता. मग रेकॉर्डरचा लाल दिवा बघितला होता. ताटली कशात धरली आहे, ते बघितलंच नव्हतं.

शेडमधून आवाज आला. "आयडा! गेली का ती?"

"होबार्ट!" व्हर्डी ओरडली. "तो आकडा घालून बाहेर ये आणि तोंडावर शिव्या दे मला!"

शेडचं दार आतून लागलं.

"खिळ्याला टांगलाय तो," आयडा म्हणाली आणि दुसरा बटाटा घेतला.

दुसऱ्या दिवशी व्हर्डीनं बाईंना सगळं सांगितलं. घरी गेल्याचंही.

बाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "घरी गेल्याचं मी ऐकलं नाही असं धरते. तुमचं वर्ष जाईल, व्हर्डी."

"नाही, ऐका. आणि तुमच्या पुढच्या वर्गालाही ऐकवा, तो खणखणाट कसला होता ते."

रेकॉर्डरचं बटण तिनं स्वतःच दाबलं. लाल दिवा लागला, आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

होबार्ट स्टिडम पुढच्या वर्षी अकरा फेब्रुवारीला फुप्फुसाच्या आजारानं वारला. शवपेटीत ठेवला तेव्हा त्याच्या कोटाची डावी बाही दुमडून टाचणीनं टाचलेली होती.