इथे तसं होत नाही

बसच्या दारातून बाहेर ओढलेल्या दोन पिळलेल्या तारा एमेटच्या लॅपटॉपला जोडलेल्या होत्या, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसली होती. एमेट पडद्याकडे पाहत होता, कारण तिथून नजर काढली असती तर ती गॅरेजच्या मेकॅनिक ओझेलाबाईंच्या डाव्या हातावर पडली असती. त्या हाताला आता तीनच बोटे होती.

सकाळची फेरी संपवून आलेल्या पिवळ्या शाळाबसगाड्या गॅरेजबाहेर रांगेत उभ्या होत्या. एप्रिल लागला तरी मिशिगनमधल्या इप्सिलँटीचे आभाळ अजून बर्फावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यासारखे गढूळ होते.

"काय डॉक्टर, नाडी सापडली का?" कॉफीचा पेला घेऊन आलेल्या व्हर्न ड्रायव्हरने विचारले. "की पेशंट गेल्यावरच सांगणार?"

"तू गाडी पूस जा," ओझेलाबाई म्हणाल्या. "काचेवर अख्खं मिशिगन बसलंय. त्याला विचार करू दे."

व्हर्न हसत निघून गेला. विचार करण्यासारखे मात्र काही उरले नव्हते.

एमेट ग्राबोव्स्की हॅमट्रॅमिकहून आला होता तो अपघातानंतर बाईंनी लिहिलेल्या पत्रामुळे. गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून आठ वर्षांत त्याने एक प्रोग्राम रचला होता: लोखंडाची गाडी नसतानाही संगणकात तिच्या तारा जिवंत करणारा. इंजिन, ब्रेक, दरवाजे एकमेकांशी जे बोलतात ते सारे त्यात ऐकता येई. कोड उघडा होता. कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. ओझेला टिंसली हे नाव त्याला त्या कोडखालच्या तक्रारींमधूनच ठाऊक होते. बसमध्ये चाकाच्या खुर्च्या वर घेणाऱ्या जुन्या लिफ्टचा मेंदू, म्हणजे तिला चालवणारा छोटा संगणक, निकामी झाला, तेव्हा बाईंनी नवा बसवला आणि त्याची परीक्षा एमेटच्या प्रोग्राममध्ये घेतली.

नोव्हेंबरात त्यांनी लिहिले होते: 'इंजिन चालू असलं की लिफ्ट थांबवणारा थांबा-निरोप उशिरा पोचतो असं वाटतं. तुमच्या प्रोग्राममध्ये मात्र तो दर वेळी वेळेवर येतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?'

आणि खाली एमेटचे उत्तर: 'इथे तसं होत नाही. तक्रार बंद करतो.'

"मला फक्त माझी चूक दाखव," ओझेलाबाई म्हणाल्या. "उद्या चौकशी आहे. एकतीस वर्षं झाली मला इथे. लिफ्ट अडवून धरणारी आधाराची खिटी लावली नव्हती, ते मी कबूल करणारच. पण लिफ्टच्या काठाची पट्टी मी दाबली होती रे. दाबली की थांबायला हवी. ती अर्धा सेकंद वर येतच राहिली, आणि दोन बोटं गेली. म्हणजे तार मीच कुठंतरी वाईट जोडली असणार."

"मिस ओझेला, जोडणी..."

"स्पष्ट सांग. मला लाजबीज नाही. तुझं उत्तर आल्यावर मी सगळ्या गाठी पुन्हा सोडून बांधल्या होत्या. म्हटलं, ज्यानं हे रचलं तो सांगतोय तसं होत नाही, तर दोष आपल्याच हातात. मग निर्धास्त झाले आणि हात घातला." त्यांनी कागदात गुंडाळलेला रताळ्याचे सारण भरलेल्या गोड 'पाय'चा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. "खा. एवढ्या लांबून आलास."

त्याला जायफळाचा वास होता. एमेटने तो तसाच कागदावर राहू दिला.

जोडणी निर्दोष होती. इतकी नेटकी गाठ त्याने कारखान्यातही पाहिली नव्हती. या दोन तारांवर गाडीच्या दोन भागांनी एकदम तोंड उघडले की ज्याचा क्रमांक लहान तो बोलतो. मोठा क्रमांक गप्प होतो, फट शोधत राहतो. लिफ्टच्या थांबा-निरोपाचा क्रमांक फार मोठा होता. इंजिन बोलू लागले की त्याला ताटकळत राहावे लागे. एमेटच्या प्रोग्राममध्ये मात्र कुणी कुणाला अडवत नसे. जो आधी आला तो आधी बोलला, असे एक सभ्य, कधीच नसलेले जग त्याने रचले होते.

खिशातला कागद त्याला जाणवत होता. त्याच्या प्रोग्रामसोबत जाणाऱ्या परवान्यातले मोठ्या अक्षरातले कलम त्याने निघताना छापून घेतले होते: कसलीही हमी नाही. तो कागद कुणासाठी आणला होता, हे त्याला आता कळले.

"मिस ओझेला, तुम्ही गाडीचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं."

"हो. उघडलंही नसशील. एवढ्या लोकांच्या तक्रारी तुला."

एक सोपी वाट बाईंनी उघडून दिली होती. नुसती मान हलवायची होती.

"उघडलं होतं," तो म्हणाला. "आमच्या कामाच्या ठिकाणी खऱ्या तारांवर चालवूनही पाहिलं. निरोप उशिरा आला. तीनदा चालवलं, तीनदा आला."

ओझेलाबाईंचा उजवा हात टेबलावर तसाच थांबला.

"मग 'तसं होत नाही' कुणी लिहिलं?"

"मीच. चार दिवसांनी ॲन आर्बरला या प्रोग्रामवर माझं भाषण होतं. खरं लिहिलं असतं तर प्रोग्रामचा पायाच चुकला, हे सगळ्यांसमोर मांडावं लागलं असतं. म्हटलं, नंतर बघू. मग बघितलंच नाही."

बाहेर व्हर्नने पाण्याचा पाइप सोडला. पत्र्यावर आपटणारे पाणी बराच वेळ ऐकू येत राहिले.

"तुमची चूक नाही. उद्या चौकशीत मी येऊन हेच सांगतो. लिहून आणतो, सही करतो." त्याचा आवाज विनवणीचा झाला, आणि ही विनवणी स्वतःसाठीच आहे हे त्यालाही ऐकू आले. "येऊ ना? तुम्ही फक्त हो म्हणा."

ओझेलाबाई उठल्या. त्यांनी लॅपटॉपमधून तारा सोडवल्या. डाव्या हाताच्या तीन बोटांवर त्या सावकाश गुंडाळू लागल्या. एक वेढा निसटला. एमेटचा हात आपोआप पुढे गेला, आणि बाईंनी तारा छातीशी धरून अंग वळवले. निसटलेला वेढा त्यांनी पुन्हा घातला. टोक नीट खोचले.

"मिस ओझेला?"

दुपारच्या फेरीची पहिली बस धुऊन उभी होती. ओझेलाबाई तिच्याकडे चालत गेल्या आणि मागच्या लिफ्टखाली वाकल्या. आधी त्यांनी खिटी लावली.