दोन सावनी

युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या फुटबॉल ट्रायलला कुणी आडनाव सांगायला लागलं, की प्रज्ञेश हात वर करून तिला थांबवायचा. पहिलं नाव पुरे. शाळा कुठली, राहता कुठे, वडील काय करतात, यातलं काही त्याला नको असायचं. मास्किंग टेपच्या तुकड्यावर मार्करने पहिलं नाव लिहायचं, तो तुकडा छातीवर चिकटवायचा आणि मैदानात पळायचं. पुढचं काय ते तुमचे पाय सांगतील, असं तो म्हणायचा. आठवडाभर तो सिडनीतल्या पॅरामॅटाला एका बँकेत आयटीचं काम करायचा आणि उरलेला जीव या टीमवर ओवाळून टाकायचा.

हा नियम कुठून आला ते त्याच्या बायकोला, स्वप्नाला, ठाऊक होतं. नागपूरला कॉलेजात असताना प्रज्ञेश असाच ट्रायलला उभा राहिला होता. त्या दिवशी त्याने दोन गोल केले. नंतर सरांनी विचारलं, पूर्ण नाव काय. त्याने सांगितलं. सर म्हणाले, "बरं." त्या "बरं"मध्ये सगळा निकाल आला. पुढची सगळी वर्षं तो राखीव खेळाडूंत बसला आणि बॉलची जाळी खांद्यावर वाहत राहिला. कुणी अपमान केला नाही, शिवी दिली नाही, आणि का घेत नाही तेही कुणी सांगितलं नाही. त्याला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. हॉस्टेलमध्ये त्याच्या वरच्या वर्षाला असलेल्या रामदासदादाच्या वाट्याला हेच "बरं" आधी येऊन गेलं होतं. कॉलेज सोडताना दादाने आपले बूट प्रज्ञेशच्या खाटेखाली ठेवले आणि एवढंच म्हणाला, "तुले येतीन." बूट एका मापाने मोठे होते. प्रज्ञेशने पुढे कापूस कोंबून ते फाटेपर्यंत वापरले.

यंदा टीम अर्धी रिकामी झाली होती. जुन्या पोरी पदव्या घेऊन नोकऱ्यांना लागल्या, एक तर लग्न करून पर्थला गेली. त्यामुळे फेब्रुवारीतल्या ट्रायलला प्रज्ञेश जरा धास्तावूनच उभा होता. पण नवी बॅच बरी निघाली. पेनरिथची एक दांडगी मुलगी आयुष्यभर नेटबॉल खेळलेली, तिच्या हातून बॉल सुटेचना. गोलकीपरचा प्रश्न तिथेच मिटला. आणि मग दोन सावन्या आल्या.

एक बुटकी, डाव्या पायाची, तुरुतुरु पळणारी. तिच्या पायात बॉल आला की समोरच्या मुली नकळत मागे सरकायच्या. दुसरी उंच, कष्टाळू, अंगावर धावून जाणारी, आणि प्रत्येक वेळी कुणाला पाडलं की हात धरून उठवत "सॉरी, सॉरी" म्हणणारी. दोघी मराठी असणार हे नावावरून दिसतच होतं. कुणाच्या कोण, हे विचारायला प्रज्ञेशची जीभ वळवळली. शेवटी तोही मराठी माणूसच. पण त्याने ती आवरली.

त्याची मदतनीस अंजू, गेल्या वर्षीची कॅप्टन, मूळची केरळची. ती त्याच्याशी हिंदीत बोलायची. ती म्हणाली, "कोच, दो सावनी हैं. सरनेम लिख लेते हैं ना."

"सरनेम नहीं," प्रज्ञेश म्हणाला. "एक को सावनी, दूसरी को सावनी टू."

"कन्फ्यूजन होगा."

"मैं पहचानता हूँ दोनों को."

ओळखत होता हे खरंच. चेहरे त्याला पाठ होते, चाली पाठ होत्या. पण फोनमध्ये चेहरे नव्हते. तिथे नुसतं "सावनी" आणि "सावनी २" होतं, आणि ते अंजूने रांगेत कोण आधी उभी होती त्यावरून टाकलं होतं. प्रज्ञेशच्या डोक्यात मात्र पहिली सावनी म्हणजे जिचा खेळ पहिल्यांदा डोळ्यात भरला ती बुटकी. रविवारी सकाळी चहा पिता पिता त्याने सगळ्यांना मेसेज पाठवले. सावनीला अभिनंदन, सावनी टूला पुढच्या वर्षी पुन्हा ये. एकीचं उत्तर आलं, "ओह माय गॉड, थँक यू कोच." दुसरीचं आलं, "नो वरीज, थँक्स फॉर हॅविंग मी." प्रज्ञेशने समाधानाने दुसरा चहा टाकला.

दुपारी रामदासदादाचा फोन आला. दादा बरीच वर्षं मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये होता आणि डिसेंबरातच नोकरी बदलून सिडनीला, क्वेकर्स हिलला आला होता. भेटू भेटू म्हणता दोघांचं भेटणं राहूनच गेलं होतं.

"जय भीम, प्रज्ञेश," दादा म्हणाला. "घेतलं न बे आमच्या पोरीले."

"कुठल्या पोरीला, दादा?"

"सावनीले. माझी सावनी. लहान होती तेव्हा पाहिली तू, नावही ध्यानात नसंन, आता कुठून ओळखशीन. मी म्हटलं होतं, प्रज्ञेशले एक फोन करतो. तर म्हणते, बाबा, डोन्ट यू डेअर. त्याने मला ओळखीवर घेतलं असं नको. मंग मी गप बसलो." दादाला हसू आवरत नव्हतं. "उंच झाली न? प्रमिलावर गेली."

उंच. प्रज्ञेशने कप खाली ठेवला. दादा पुढे संध्याकाळी दोघं जेवायला या, प्रमिला पाटवडी रस्सा करतेय, असं काय काय सांगत होता, आणि हा नुसता हो हो म्हणत होता.

स्वप्नाने सगळं ऐकून घेतलं. "मग आता?"

"आता काय. जिला घ्यायचं ती बाहेर आणि दुसरीच आत." त्याने कपाळ चोळलं. "लीगने खेळाडूंचा आकडा ठरवून दिलाय, दोघींना घ्यायचं तर तिसऱ्या कुणाला काढावं लागेल. आणि गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही. ती पोरगी नो वरीज म्हणून मोकळी झाली."

"तुला कळेल," स्वप्ना म्हणाली. "तिला आत्ता फोन कर."

"आधी दादाकडे जाऊन येऊ."

ही पळवाट होती, आणि नवराबायको दोघांनाही ते माहीत होतं. दादाच्या घरी जाऊन काय बोलायचं, किंबहुना बोलायचं की नाही, हेच त्याचं ठरत नव्हतं. गाडीत त्याला राहून राहून एकच वाटत होतं: आडनावामुळे कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून आपण एवढा आटापिटा केला, आणि उद्या लोक म्हणणार, बघा, शेवटी आपल्यातलीच घेतली. त्याला स्वतःचाच राग आला. अंजूचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती.

क्वेकर्स हिलच्या त्या घरात दादाने त्याला दारातच मिठी मारली. दादाचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, बाकी माणूस तोच. उंच सावनी मागे उभी होती. ती "हॅलो काका" म्हणाली आणि ताटं मांडायला आत गेली. तिचा चेहरा जागा मिळालेल्या पोरीचा नव्हता. पण प्रज्ञेश स्वतःच्याच विवंचनेत, त्याच्या ते लक्षात यायला वेळ लागला.

रस्सा झणझणीत होता. प्रमिलावहिनी वाढत होत्या आणि दादा बोलत होता. बातमी नागपूरला पोचली होती, मेलबर्नला पोचली होती, पुढच्या रविवारी विहारात सगळ्यांना पेढे वाटायचं ठरलं होतं. मध्येच दादा जेवता जेवता थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "आपल्या दोघांचं जे राहिलं न प्रज्ञेश, ते हिनं केलं."

प्रज्ञेश ताटातली पाटवडी नुसती चिवडत राहिला. स्वप्नाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मिठाईचा डबा गाडीतच राहिला. घेऊन ये ना." डबा खरंच राहिला होता, पण तिने तो आत्ता का आठवला ते त्याला समजलं.

तो बाहेर आला. अजून उजेड होता, समोरच्या घराच्या अंगणात कुणी गवत कापत होतं. डिकी उघडतोय तोवर मागून सावनी आली.

"कोच," ती म्हणाली. घरात काका म्हटलं होतं, इथे कोच. "तो मेसेज तिच्यासाठी होता ना? द अदर सावनी."

प्रज्ञेशने डबा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. "तुला कधी कळलं?"

"लगेच. आय मीन, आधी मी नाचले घरभर. बाबांना सांगितलं. मग म्हटलं, वेट. मी तिला खेळताना पाहिलंय." तिने बुटाच्या टोकाने गवत उकरलं. "तिने मला दोनदा असं काही गंडवलं की मी खाली बसले. तुम्ही तिला सोडून मला घ्याल? नो वे. सकाळपासून मेसेज लिहितेय तुम्हाला आणि खोडतेय. बाबा एवढे हॅपी होते."

"चूक माझी आहे, सावनी. पूर्ण माझी. फोनमध्ये दोन नावं सारखी होती. मी आडनावं लिहून घेत नाही."

"का?"

काय सांगणार तो तिला, रस्त्यावर, मिठाईचा डबा हातात धरून. "ते तुझ्या बाबांना विचार," तो म्हणाला.

"ओके." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिने सांभाळला. "बाबांना मी सांगू, की तुम्ही?"

"मी सांगतो."

सांगायला काही मिनिटंही लागली नाहीत. मेसेज, दोन नावं, आपली चूक, जागा दुसऱ्या मुलीची. बहाणा एकही नाही. प्रमिलावहिनी हातातला डाव तसाच धरून उभ्या राहिल्या. दादा ताटाकडे बघत होता.

"म्हणजे आडनाव विचारलं असतं तर ही भानगड झाली नसती," दादा शेवटी म्हणाला.

"नसती झाली."

"आपलं विचारलं म्हणून राहिलं. हिचं नाही विचारलं म्हणून राहिलं." तो हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "काऊन रे असं?"

प्रज्ञेशला लाज वाटली, आणि दादाचा हात धरावासा वाटला, पण तेही जमलं नाही.

"बाबा, नो," सावनी म्हणाली. ती दाराशीच उभी होती. "माझं त्यामुळे नाही राहिलं. मेसेज बरोबर आला असता तरी मी टीममध्ये नव्हतेच. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. दॅट्स इट."

दादाने मुलीकडे पाहिलं आणि तो प्रज्ञेशकडे वळला.

"कशात कमी पडली ही?" त्याने विचारलं.

"दादा, आत्ता राहू द्या."

"नाही, सांग. मले ऐकायचं आहे. मले कोणी सांगितलं नव्हतं. तुलेही नाही. हिले तरी सांग."

तेव्हा प्रज्ञेशने सांगितलं. बॉल आला की पहिला स्पर्श जड होतो, बॉल हातभर लांब उडतो. वळायला वेळ लागतो. डावा पाय नुसता उभं राहायला वापरते. टॅकल उत्तम, दम उत्तम, पण कुणाला पाडलं की माफी मागत बसते आणि तोवर बॉल पुढे जातो. तो जसजसा सांगत गेला तसा दादा पुढे झुकत गेला, आणि एकेका वाक्याला मान हलवत गेला. कुणी आपल्या पोरीची तारीफ करावी आणि बापाने ऐकत राहावं, तसा तो ऐकत होता.

"डावा पाय," दादा म्हणाला. "एवढंच न?"

"एवढंच."

"एवढं तर करता येते." त्याने ताट पुढे ओढलं. "प्रमिला, याले अजून पाटवडी वाढ. जेवलाच नाही तो."

जेवण झाल्यावर प्रज्ञेशने तिथेच, सगळ्यांसमोर, दुसऱ्या सावनीला फोन लावला. तिने सगळं ऐकून आधी एकच विचारलं: त्या उंच मुलीला कळलंय का, ती ठीक आहे का. प्रज्ञेशने फोन उंच सावनीच्या हातात दिला आणि दोघी मागच्या अंगणात बराच वेळ बोलत राहिल्या. पेढे मात्र पुढच्या रविवारी विहारात वाटले गेलेच. कशाबद्दल, असं कुणी विचारलं तर दादा सांगायचा, पोरगी खरं बोलली त्याबद्दल.

वर्षभर क्वेकर्स हिलच्या त्या अंगणातलं गवत काही नीट वाढलं नाही. दादा गोलपोस्ट व्हायचा, वहिनी बॉल फेकायच्या, आणि सावनी उजव्या पायाला शिक्षा असल्यासारखी नुसत्या डाव्याने मारत राहायची.

पुढच्या फेब्रुवारीत ती पुन्हा ट्रायलच्या रांगेत उभी राहिली. प्रज्ञेशने टेप फाडला, मार्कर उघडला आणि "सावनी" लिहायला लागला. तिने त्याच्या हातातून मार्कर काढून घेतला.

"हा तुकडा पुरणार नाही, कोच. बाबांनी सांगितलंय मला," ती म्हणाली, आणि स्वतःच टेपची लांब पट्टी ओढून फाडली. त्यावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं, सावनी रामदास गजभिये, आणि ती पट्टी या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत चिकटवली.

मागच्या मुलीने विचारलं, "वी कॅन डू द होल नेम?" आणि टेपला हात घातला. प्रज्ञेशने रोल तिच्याकडे दिला.

कडेच्या बाकावर रामदासदादा बसला होता. प्रज्ञेशने शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवायच्या आधी खाली घेतली आणि ते नाव तिन्ही शब्दांनिशी मैदानभर ऐकू जाईल असं पुकारलं. नाव ऐकून कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सावनी धावत मैदानात शिरली, पहिलाच बॉल तिच्याकडे आला, आणि तिने तो डाव्या पायावर घेतला.