दुसरा घाव

मी एक जुना अडसर आहे, दाराला आतून लावायचा, सागाचा. पवनीच्या एका सुतारानं मला घडवलं, तेव्हा भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्षच झालं होतं.

मित्रांनो, माझे मालक कृष्णराव कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. ओसरीत बसून ते मुलीला, रत्नमालाला, मध्ययुगातल्या एका कॅथलिक साधूचा विचार समजावत. जीव वाचवायला बळ वापरावं, पण समोरच्याला थांबवण्यापुरतंच; त्याचा जीव घेण्याच्या इच्छेनं नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या परक्या साधूचं आपल्याला काय काम, असं ती विचारायची. आपला कायदाही तेच विचारतो, असं ते सांगत: गरजेपेक्षा जास्त मारलं का?

मग गावात ताप आला. शेजारच्या सुखरामची लेक गुड्डी दगावली. म्हाताऱ्या पार्वताबाईनं करणी केली, अशी आवई उठली. भरदुपारी ती धावत आमच्या घरात शिरली. रत्नमालानं मला दाराला लावलं.

बाहेर जमाव ओरडत होता. सुखरामनं कुऱ्हाडीनं दाराच्या फळ्या फोडल्या आणि तो आत घुसला. कृष्णराव आडवे आले, तर त्यानं कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या कपाळावर हाणला. पार्वताबाईला केसांनी ओढून त्यानं तिच्या खांद्यावर घाव घातला. रक्त भिंतीवर उडालं. तो पुन्हा कुऱ्हाड उगारणार, तोच रत्नमालानं मला खेचून त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं मला कळलं. कुऱ्हाड पडली, सुखराम भिंतीला टेकून खाली बसला. दारातली माणसं मागे सरली.

रत्नमालानं मला पुन्हा उचललं, त्याच्या डोक्यावर.

"मार त्याले, पोरी," कृष्णराव जमिनीवरून म्हणाले. "मार."

"बाबा, आता तो मारून नाही राहिला."

तिनं मला खाली टेकवलं, कुऱ्हाड पायानं लोटली आणि आपली ओढणी पार्वताबाईच्या खांद्यावर दाबून धरली. सुखराम गुड्डीचं नाव घेऊन रडत होता.

पार्वताबाई वाचली, पण तो हात कायमचा गेला. सुखरामला शिक्षा झाली. मी दोन वर्षं पुरावा म्हणून पोलिसांच्या कोठीत चिठ्ठी बांधून पडलो होतो. परतलो, तेव्हा घराला लोखंडी दार लागलं होतं.

एक दिवस कृष्णराव लेकीला म्हणाले, "त्या दिवशी मी मार म्हणालो."

"तुमच्या डोळ्यात रक्त गेलं होतं, बाबा."



आता मला वाळवी लागली आहे. मित्रांनो, जमलं तर मला थोडं तेल लावा. आणि कधी मला हातात घ्यावंच लागलं, तर समोरच्याचा हात थांबला की नाही, एवढं नीट बघा.